कुलमुखत्यारपत्र हाती असलेला सेवक

मुखत्यारपत्राचे गांभीर्य व्यापारी कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही. एखाद्या दस्ताच्या नोंदणीपुरताच अधिकार द्यावयाचा असेल तर विशेष मुखत्यारपत्र केले जाते आणि सर्वच व्यवहार सोपवावयाचे असतील तर कुलमुखत्यारपत्र. पहिल्यावर मालक वाचून सही करतो. दुसऱ्यावर सही करण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलतो, वकिलाला विचारतो आणि तरीही रात्री त्याला नीट झोप लागत नाही. कर्जत, खोपोली वा खालापूरच्या बाजारपेठेतील कोणत्याही जुन्या पेढीत हीच रीत आढळेल. मात्र त्याच पेढीच्या टेबलावरील संगणकात कोणकोणत्या प्रोग्रॅमला आणि कोणकोणत्या माणसाला कुलमुखत्यारपत्र बहाल झालेले आहे, याची विचारपूस क्वचितच होते. तेथे ती सही बहुधा मालकाच्या नकळत, संगणक बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी करून ठेवलेली असते.

या दुर्लक्षाचा अर्थ नीट उमगावा असे एक प्रकरण ऑक्टोबर २०१८ मध्ये जगासमोर आले. नरेंद्र शिंदे या भारतीय सुरक्षा-संशोधकाने लिनक्स आणि तत्सम संगणक-प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या ‘एक्स डॉट ऑर्ग’ या प्रोग्रॅममधील एक दोष शोधून काढला. त्याची अधिकृत सूचना २५ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाली आणि तीत त्यांच्या नावाचा उल्लेख करून आभार मानण्यात आले. दोषाला सीव्हीई-२०१८-१४६६५ असा क्रमांक मिळाला. क्रमांक विसरला तरी चालेल. त्यामागचे कारण मात्र प्रत्येक पेढीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पडद्यामागचा सेवक

संगणकाच्या पडद्यावर खिडक्या, अक्षरे, चित्रे दिसतात आणि माउस हलवला की बाण हलतो. हे सारे आपोआप घडत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम आपले चित्र एका मध्यस्थाकडे देतो आणि तो मध्यस्थ ते पडद्यावर मांडतो. कळफलकावर काय दाबले गेले हेही तोच संबंधित प्रोग्रॅमला कळवतो. या मध्यस्थाला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली ‘एक्स’ नावाच्या अशा मध्यस्थाचे काम सुरू झाले आणि सप्टेंबर १९८७ मध्ये त्याची अकरावी आवृत्ती आली. आजचे ‘एक्स डॉट ऑर्ग’ हे त्याच घराण्यातले. चाळीस वर्षांचा हा जुना, विश्वासू, न दिसणारा सेवक आहे.

या सेवकाला एक अडचण होती. पडदा, कळफलक आणि चित्रे उमटवणारे कार्ड यांना थेट हात लावल्याशिवाय त्याचे काम होत नसे, आणि यंत्राच्या अशा भागांना हात लावण्याचा अधिकार फक्त सर्वाधिकारी खात्याला असतो. लिनक्समध्ये या खात्याला ‘रूट’ म्हणतात. रूट म्हणजे पेढीचा मालक: त्याने कोणतीही फाइल वाचावी, बदलावी, पुसावी, कोणाचेही खाते उघडावे वा बंद करावे. यावर तोडगा असा निघाला, की या प्रोग्रॅमच्या फाइलवर एक खूण करावयाची. ती खूण असली की प्रोग्रॅम कोणीही सुरू करो, तो चालतो मात्र मालकाच्या अधिकाराने. दुकानात कालच लागलेल्या पोऱ्याने त्याला हाक मारली तरी तो मालकाची सही घेऊनच कामाला लागतो.

हे कुलमुखत्यारपत्रच झाले. काम होते पडद्यावर चित्र मांडण्याचे. अधिकार मिळाला साऱ्या पेढीचा.

दोन साध्या सूचना

असा अधिकार देताना जाणत्या मंडळींनी खबरदारी घेतली नव्हती असे नाही. प्रोग्रॅम सुरू करताना त्याला काही सूचना देता येतात. त्यांतील धोकादायक सूचना कोणाकडून येत आहेत हे पाहण्याची आणि सूचना देणारा साधा माणूस असेल तर त्या नाकारण्याची तपासणी त्यात पूर्वीपासून होती. पुढे प्रोग्रॅमच्या मांडणीत सुधारणा करण्यात आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या १.१९ या आवृत्तीत ही सुधारलेली मांडणी समाविष्ट झाली आणि त्या गडबडीत दोन सूचनांवरचा पहारा निसटला.

पहिली सूचना होती रोजनामा कोठे लिहावयाचा याची. डिस्प्ले सर्व्हर आपण काय काय केले याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल कोणती, हे सांगण्याची सोय होती. पहारा उठल्यावर साध्या खातेदारालाही कोणत्याही फाइलचे नाव सांगता येऊ लागले. सेवक मालकाच्या अधिकाराने चालत असल्यामुळे तो निमूटपणे त्या फाइलवर आपला रोजनामा लिहून मोकळा होई. ती फाइल संगणकातील सर्व पासवर्डांच्या नोंदीची असली तरीही. शिवाय रोजनाम्यात काय उमटावे यातला काही भाग सूचना देणाऱ्याच्या हाती होता. त्यामुळे मालकाच्या खात्याला पासवर्डच नाही अशी ओळ त्यात घुसवता येणे काही प्रणालींवर शक्य झाले. हिशेब स्वच्छ राहावा म्हणून ठेवलेला रोजनामाच हिशेब बुडवण्याचे साधन ठरला.

दुसरी सूचना होती जोडभाग कोठून आणावयाचे याची. डिस्प्ले सर्व्हरला लागणारे छोटे-छोटे भाग एका ठरावीक ठिकाणाहून घेतले जातात. ते ठिकाण बदलून, स्वतः तयार केलेला भाग तेथे ठेवून, तोही मालकाच्या अधिकाराने चालवून घेता येऊ लागला. कोठाराची चावी असलेल्या नोकराने परक्याच्या पिशवीतली पोती न तपासता आत रचावीत, तसा हा प्रकार.

दोष जाहीर होताच त्याचा गैरवापर किती सोपा आहे हेही तज्ज्ञांनी दाखवून दिले. समाजमाध्यमावरील एका छोट्या संदेशात मावेल एवढीच आज्ञा त्यासाठी पुरेशी होती. या दोषाला ‘स्थानिक’ दोष म्हणतात, कारण त्याच्या आधारे बाहेरचा अनोळखी माणूस दूरवरून थेट आत शिरू शकत नाही. त्याला आधी त्या यंत्रावर साधे का होईना, एखादे खाते हवे. दरवाजा तोडणाऱ्याचा हा मार्ग नाही. आधीच आत असलेल्याचा आहे. म्हणूनच अशा दोषांची बातमी दुय्यम समजली जाते. व्यापाऱ्याने मात्र तिला दुय्यम समजू नये. शटर फोडून झालेली चोरी सकाळी दिसते. गल्ल्याजवळ बसणाऱ्याच्या हातून झालेली वर्ष अखेरीस ताळेबंदात दिसते, तीही दिसली तर.

पहारा निसटतो केव्हा

या प्रकरणातली सर्वात बोधप्रद गोष्ट तारखांमध्ये आहे. चूक नोव्हेंबर २०१६ मधील आवृत्तीत आली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, राहिली. या प्रोग्रॅमची मूळ संहिता गुप्त नाही. जगातील कोणालाही ती वाचता येते. तरीही ती कोणाच्या नजरेत आली नाही. याच कुटुंबातील अक्षरवळणे वाचणाऱ्या भागात याहून जुना दोष होता. तो १९९१ पासून होता आणि उघडकीला आला जानेवारी २०१४ मध्ये. अनेकांना पाहता येते याचा अर्थ कोणीतरी पाहतच असेल असा होत नाही. बँकांत दोन सह्यांची पद्धत असते, तेथेही हाच अनुभव येतो. दुसरी सही करणारा ‘पहिल्याने पाहिलेच असेल’ असे धरून सही करू लागला की कागदावर दोन सह्या राहतात आणि तपासणी एकही राहत नाही.

दुसरे असे, की येथे पहारा कोणी वाईट हेतूने काढला नाही. तो सुधारणा करताना निसटला. व्यवहारातही नेमके असेच होते. वहीखात्यावरून संगणकावर जाताना, एक सॉफ्टवेअर सोडून दुसरे घेताना, दुकानाची दुसरी शाखा काढताना, जुन्या मुनिमाच्या जागी नवा माणूस आणताना नवी व्यवस्था जुनीपेक्षा सोयीची असते. जुन्या व्यवस्थेत कोणीतरी न लिहिता पाळलेली एखादी तपासणी मात्र नव्या यादीत येत नाही. संध्याकाळी रोकड मोजून रोजमेळाशी ताडून पाहण्याची वडिलांची सवय ही कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप उतरत नाही.

कर्जतकरांच्या डोळ्यांसमोर याचा उत्तम प्रतिपाठ रोज उभा असतो. बोरघाटातील रेल्वेमार्गाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे. लोणावळ्याकडून कर्जतकडे उतरणाऱ्या गाड्यांना मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी ब्रेकच्या खात्रीसाठी थांबावे लागते. ब्रेक निकामी झालेल्या गाडीला मुख्य मार्गावरून वळवून घेण्यासाठी तेथे चढाचा आडमार्ग, म्हणजे कॅच सायडिंग, बांधलेला असतो. गाडी थांबली, तिचे ब्रेक ठीक आहेत हे सिद्ध झाले, की मग पुढचा मार्ग मिळतो. कालची गाडी सुखरूप उतरली म्हणून आजची न थांबवता सोडत नाहीत, आणि इंजिन नवे आले म्हणून थांबा रद्द होत नाही. घाट तोच राहतो तोपर्यंत थांबाही राहतो. संगणकात नेमके उलट घडले: घाट तसाच राहिला आणि नव्या वेळापत्रकात थांबा गळाला.

दुरुस्ती आणि खरा उपाय

सूचना प्रसिद्ध झाली त्याच दिवशी दुरुस्तीही देण्यात आली. १.२०.३ या आवृत्तीत दोष नाहीसा झाला. ओपनबीएसडी ही सुरक्षिततेसाठी नावाजलेली प्रणाली, तिची ६.४ ही आवृत्ती अवघ्या एक आठवडा आधी, १८ ऑक्टोबर रोजी बाहेर पडली होती आणि तिच्यातही हा दोष होता. काही प्रणालींच्या चालकांना आधी कल्पना दिली गेली, आपल्याला दिली नाही, अशी तक्रार तिच्या चालकांनी उघडपणे केली. सावधगिरीचा लौकिक असलेल्या घरीही उसना घेतलेला सेवक आपल्या खोडी घेऊनच येतो, हे यातून दिसले.

ज्यांना दुरुस्ती त्वरित लावता येणार नव्हती त्यांच्यासाठी सूचनेत एक तात्पुरता मार्ग होता: प्रोग्रॅमवरील ती मालकीची खूण पुसून टाकावी. असे केल्याने काही जुन्या पद्धतींनी पडदा सुरू करणाऱ्यांची गैरसोय होऊ शकेल, हेही तेथे स्पष्ट लिहिले होते. वरवर साध्या दिसणाऱ्या या सल्ल्यात खरा उपाय दडलेला आहे. कुलमुखत्यारपत्र असलेल्या सेवकावर आणखी पहारेकरी नेमण्यापेक्षा ते मुखत्यारपत्रच परत घ्यावे. काळाच्या ओघात चित्रकार्ड सांभाळण्याचे बरेचसे काम प्रणालीच्या गाभ्याने स्वतःकडे घेतले आणि डिस्प्ले सर्व्हरला साध्या खात्याच्या अधिकारात चालणे शक्य झाले. २००८ मध्ये सुरू झालेली ‘वेलँड’ ही नवी रचना या जुन्या सेवकाची जागा हळूहळू घेत आहे. जेवढे काम तेवढाच अधिकार, हे सूत्र तेथे पायात घातलेले आहे.

आपल्या दुकानात लिनक्स नाही, विंडोज आहे, असे अनेक वाचक म्हणतील. तेथेही कथा फारशी वेगळी नाही. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये चित्रे मांडण्याचे काम वेग वाढावा म्हणून प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे सर्वाधिकाराच्या कक्षेत, नेले. तेव्हापासून त्या भागातील स्थानिक दोष वारंवार सापडत आले आहेत. त्याच ऑक्टोबर २०१८ मध्ये, ९ तारखेला, असाच एक दोष दुरुस्त करण्यात आला आणि त्याचा तर दुरुस्तीपूर्वीच प्रत्यक्ष गैरवापर झालेला होता. ही दुरुस्ती ज्यांना मिळते तेच सुरक्षित. विंडोज ७ ला अशा सर्वसाधारण दुरुस्त्या मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. बिल छापणारे जुने यंत्र ‘चालते आहे ना’ एवढ्यावर ते ठेवणे म्हणजे मुदत संपलेल्या विम्याची पावती कपाटात जपून ठेवणे होय.

रायगडाने पाहिलेला प्रसंग

आत शिरलेल्याच्या हाती मोठा अधिकार आला तर काय घडते, हे रायगड जिल्ह्याने २७ जून २०१७ नंतरच्या दिवसांत पाहिले. उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात मेर्स्क समूहाच्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणकीय कामकाज ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रॅममुळे ठप्प झाले. त्याच्यामागे डिस्प्ले सर्व्हरचा दोष नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्याचा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. तो निघाला युक्रेनमध्ये, कर आणि हिशेबाच्या एका प्रचलित सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून. एका यंत्रावर बसला की तो त्या यंत्राच्या स्मृतीतून व्यवस्थापकांचे पासवर्ड शोधून काढी आणि त्यांच्या आधारे शेजारच्या यंत्रांत मालक म्हणून शिरे. त्यामुळे दुरुस्त्या वेळेवर लावलेली यंत्रेही सुटली नाहीत. मेर्स्कने आपल्या नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर इतका सांगितला. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले, असे समूहाच्या अध्यक्षांनी पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले.

एका दूरच्या देशातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून न्हावाशेव्याच्या धक्क्यापर्यंतचे हे अंतर कापले गेले ते एकाच कारणाने. जागोजागी गरजेपेक्षा मोठा अधिकार उघडा पडलेला होता.

पेढीने काय करावे

उपाय खर्चिक नाहीत. त्यांना शिस्त लागते. रोजचे बिल करण्यासाठी, ई-मेल पाहण्यासाठी, विवरणपत्रे भरण्यासाठी साधे खाते असावे आणि नवीन सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार असलेले व्यवस्थापकाचे खाते वेगळे असावे. त्याचा पासवर्ड बिल करणाऱ्या टेबलाच्या काचेखाली चिकटवलेला नसावा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माणसाला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड द्यावा; बिल करणाऱ्याला जुन्या नोंदी पुसण्याचा अधिकार कशासाठी? १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक झाले आहे. भागीदारीच्या वा एकट्या मालकीच्या पेढीला तो नियम लागू नसला तरी त्यामागचा विचार लागू आहे.

दुरुस्तीसाठी येणाऱ्या माणसाने दूरवरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवून दिले असेल तर काम झाल्यावर ते काढून घ्यावे. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. हिशेबाची एक प्रत अशा ठिकाणी ठेवावी, जी संगणकाला कायम जोडलेली नसेल. दुरुस्त्या लांबणीवर टाकू नयेत. सॉफ्टवेअर, यंत्र वा माणूस यांपैकी काहीही बदलले की अधिकारांची यादी नव्याने तपासावी, कारण पहारा निसटतो तो याच वेळी. आर्थिक फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

या साऱ्यावर एक आक्षेप घराघरांतून ऐकू येतो. वीस-पंचवीस वर्षे इमाने इतबारे काम केलेल्या मुनिमाचे अधिकार कमी करावयाचे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा काय? हा प्रश्न भावनेचा आहे आणि व्यापारी कुटुंबांत त्याला वजन आहे. त्याचे उत्तर २०१८ च्या प्रकरणातच मिळते. तो दोष जाहीर झाला त्या दिवशी, ज्या ज्या यंत्रावर तो लागू होता तेथील प्रत्येक साधा खातेदार, काहीही न करता, संशयाच्या कक्षेत आला. कारण कोणालाही मालक होता येत होते, आणि मालक झालेल्याला आपल्या पाऊलखुणा पुसताही येत होत्या. पेढीत सर्वांना एकच पासवर्ड ठाऊक असेल आणि उद्या रकमेत तफावत आली तर प्रामाणिक मुनीम आपण ते केले नाही हे कसे सिद्ध करणार? त्याच्याजवळ शपथेखेरीज दुसरा पुरावा उरत नाही. त्याचा अधिकार त्याच्या कामापुरता आखलेला असेल तर आपण त्या फाइलला हात लावूच शकत नव्हतो, असे तो मान वर करून सांगू शकतो.

कामापुरता दिलेला अधिकार मालकाची तिजोरी राखतो. त्याहीपेक्षा अधिक तो सेवकाची अब्रू राखतो.